‘लास्ट किती?’ – गोव्यात पहिल्यांदा फ्लॅट विकणाऱ्यांसाठी

पर्वरीत माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या फोनची सुरुवात एकाच प्रश्नाने होते. फ्लॅट पाहिलेला नसतो, मजला विचारलेला नसतो, लिफ्ट आहे की नाही हेही ठाऊक नसते. थेट, ‘लास्ट किती?’, म्हणजे शेवटी कितीला देणार. या प्रश्नाला एजंट काय उत्तर देतो आणि ते उत्तर तो कशावरून ठरवतो, याचा विकणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ता नसतो. तुमच्याच घराच्या किमतीचा पहिला शब्द तुमच्या माघारी बोलला जातो. १४ वर्षे मी एजंट म्हणून हाच धंदा करतो आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, पण नवख्या माणसाला कुणीतरी सांगितलेच पाहिजे.

पहिले काम: टेप घ्या

एजंटला फोन करण्याआधी कपाटातून सेल डीड (विक्रीखत) काढा आणि त्यातले क्षेत्रफळाचे परिशिष्ट वाचा. गोव्यात फ्लॅट चौरस मीटरमध्ये बोलतात, मुंबईकर मात्र चौरस फुटांत विचार करतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ‘९२ मीटरचा टू बीएचके’ म्हटले की समोरचा मनात ९९० फूट धरतो. पण जुन्या डीडमधले हे ९२ बहुधा सुपर बिल्टअप असते, म्हणजे जिना, पॅसेज, लॉबी यांचा वाटा धरून. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातला कार्पेट एरिया वेगळा आहे. त्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत, आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरतात. त्या हिशोबाने तोच फ्लॅट ६८ मीटरचा, म्हणजे साधारण ७३२ फुटांचा निघू शकतो.

आता किंमत ८० लाख धरा. सुपर बिल्टअपवर भाव पडतो मीटरला सुमारे ८७ हजार, कार्पेटवर १ लाख १७ हजारांच्या वर. शेजारच्या बिल्डिंगमधला ‘१ लाख १० हजारांचा रेट’ तुमच्या कानावर आला असेल, तर तो यातल्या कशावरचा आहे हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. निम्मे गैरसमज इथेच होतात.

माझाच किस्सा सांगतो. धंद्यात नवा होतो. मालकांनी सांगितलेले क्षेत्रफळ मी कार्पेट म्हणून पुढे सांगितले. घेणारे गृहस्थ इंजिनिअर निघाले. दुसऱ्या व्हिजिटला खिशातून लेझरचे मीटर काढून त्यांनी हॉलच्या भिंतीवर लाल ठिपका धरला, मग बेडरूममध्ये, मग किचनमध्ये. वहीत बेरीज केली आणि काही न बोलता वही माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी भाव तीन लाखांनी उतरला. फ्लॅट गेला, पण मालक नंतर कधी माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचे काही चुकले नाही.

किंमत ठरते कशी

नवखा माणूस मोबाइलवर प्रॉपर्टीच्या जाहिराती बघतो आणि सगळ्यात वरचा आकडा डोक्यात ठेवतो. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, मिळालेला नसतो. त्यातले काही फ्लॅट वर्षभर तसेच पडून असतात आणि म्हणूनच तुम्हाला अजून दिसत असतात.

दुसरे टोक म्हणजे नोंदणी झालेली कागदपत्रे. तुमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी फ्लॅट विकला असेल तर त्या सेल डीडची नक्कल सब-रजिस्ट्रारकडे अर्ज करून मिळते. बार्देशचे असेल तर म्हापशाला, फोंड्याचे फोंड्याला, सासष्टीचे मडगावला. हा आकडा प्रत्यक्ष झालेल्या व्यवहाराचा असतो, पण काही लोक अजून रोखीचा भाग लपवतात, त्यामुळे तो बाजारभावापेक्षा थोडा खाली असू शकतो. जाहिरातीचा आकडा वर, डीडचा आकडा खाली, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तुमची किंमत असते.

मग घराचे स्वतःचे गुण-दोष. माझ्या अनुभवात गोव्यात किंमत सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट समुद्र नाही, ओसी आहे. पंचायतीचे किंवा पालिकेचे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि जमिनीची कन्व्हर्जन सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा दाखला) फायलीत असेल तर बँक कर्ज देते. नसेल तर कर्जवाला ग्राहक गळून पडतो, उरतात फक्त स्वतःचे पैसे घेऊन येणारे, आणि त्यांना ते चांगले कळते. मग भाव तेच सांगतात. बाल्कनी काच लावून बंद केली असेल, पार्किंगची जागा डीडमध्ये नसून बिल्डरने तोंडी दिलेली असेल, सोसायटीच झालेली नसेल आणि मेंटेनन्स अजून बिल्डर गोळा करत असेल, तर प्रत्येक गोष्टीमागे ग्राहक थोडे थोडे तोडतो. उलट खिडकीतून शेत दिसते म्हणून जादा मागणाऱ्यांना मी एवढेच म्हणतो, की शेताचा झोन, म्हणजे तिथे उद्या बांधकाम होईल की नाही, हे तुमच्या हातात नाही.

पाऊस हाही किमतीचा भाग आहे. जुलैत पश्चिमेकडच्या भिंतीवर आलेली ओल मेमध्ये रंगवून झाकता येते, पण मुरब्बी ग्राहक मुद्दाम पावसात येतो. वॉटरप्रूफिंग केले असेल तर बिल ठेवा. नसेल केले तर आता करा, रंग नंतर.

एजंटने सांगितलेला भाव

तीन एजंटांना बोलवा. एक म्हणेल ७८, दुसरा ८२, तिसरा म्हणेल, ‘काका, ९५ कुठे गेले नाहीत.’ काम कुणाला मिळते? तिसऱ्याला. तो खोटे बोलतो असेच नाही, पण काम मिळवायला भाव चढवून सांगणे ही या धंद्यातली जुनी सवय आहे. पुढचे तीन महिने फारसे कुणी येत नाही. मग एके दिवशी फोन येतो, ‘मार्केट जरा थंड आहे, पार्टी ७६ म्हणते आहे.’ तोवर तुम्ही थकलेले असता, मुलाच्या फीची तारीख जवळ आलेली असते, आणि ७६ सुद्धा बरे वाटू लागते.

म्हणून आकडा ऐकला की एकच विचारा: याच बिल्डिंगमध्ये किंवा याच रस्त्यावर गेल्या वर्षभरात शेवटचा फ्लॅट कितीला गेला, आणि तो तुम्ही विकलात का? ज्याने विकला असेल तो मजल्यासकट सांगतो. ज्याने नसेल तो मोपा विमानतळाबद्दल बोलू लागतो.

मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाले, मांडवीवरचा अटल सेतू त्याआधी २०१९ मध्ये. त्यांचा जो काही परिणाम व्हायचा तो किमतीत कधीच जिरला आहे. तो तुमच्या फ्लॅटवर पुन्हा चढत नाही.

आता कमिशनचा हिशोब मांडू या, कारण एजंटचे वागणे त्यातून कळते. साधारणपणे विकणाऱ्याकडून एक ते दोन टक्के घेतात आणि बहुतेक जण घेणाऱ्याकडूनही घेतात. दोन टक्के धरले तर ८० लाखांवर माझे १ लाख ६० हजार. ७८ ला गेला तर १ लाख ५६ हजार. म्हणजे ज्या दोन लाखांसाठी तुमची झोप उडते, त्यात माझे फक्त चार हजार आहेत. या चार हजारांसाठी मी आणखी दोन महिने व्हिजिटा करीन का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक वेळा नाही. मला सौदा आज झालेला हवा असतो, तुम्हाला भाव पुरा हवा असतो. एजंट वाईट असायची गरज नाही, गणितच तसे आहे. हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐका.

तीन आकडे, त्यातला एक पोटात

जाहीर किंमत, अपेक्षा आणि तळ असे तीन आकडे घरात बसून ठरवा. आपल्या उदाहरणात ८५, ८० आणि ७७. जाहीर किंमत अपेक्षेच्या फार वर नेऊ नका. पाच-सहा टक्के घासाघिशीला पुरतात. त्याहून वर गेलात तर खरा ग्राहक फोनच करत नाही, कारण त्याचे बजेट ८२ असते आणि त्याने शोधताना तिथेच रेघ मारलेली असते.

तळाचा आकडा एजंटला सांगू नका. मलाही नको. ‘तुमच्यापासून काय लपवायचे’ म्हणत लोक पहिल्याच चहाला सांगून मोकळे होतात. एकदा मला ७७ कळले की पहिला ग्राहक ७७ वर आणायला मला अर्धा तास लागतो, ८० वर न्यायला महिना. मोह माणसाला होतोच. एजंटला सांगायचे ते एवढेच, ‘८० च्या आसपासची ऑफर आली तर आणा, खालची आली तरी कळवा, पण माझ्या वतीने कुणाला हो म्हणू नका.’

‘माझे हातात द्या, वरचे तुमचे’

गोव्यात हा प्रकार सर्रास चालतो आणि विकणारे स्वतःहून सुचवतात. ‘मला ७५ हातात आले पाहिजेत, वरचे काय ते तुम्ही बघा.’ ऐकायला सुटसुटीत आहे. पण त्या क्षणापासून तुमच्या फ्लॅटची खरी किंमत तुम्हालाच कळेनाशी होते. एजंट ८३ ला विकतो. डीडमध्ये ८३ लिहिले तर करात ८३ दिसतात आणि तुमच्याकडे आलेत ७५. ७५ लिहिले तर वरचे आठ लाख ग्राहकाने एजंटला कसे दिले, हा प्रश्न उद्या कुणी विचारला तर तुमचेही नाव त्यात येते. शिवाय ७९ ची चांगली ऑफर आली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही, कारण एजंट ८३ ची वाट बघत असतो. मी हे काम घेत नाही. टक्केवारी ठरवा, लिहून घ्या आणि ती सेल डीडच्या दिवशी देय आहे असे त्यात लिहा. एजंटची जीएसटी नोंदणी असेल तर कमिशनवर १८ टक्के वर लागतात, तेही आधीच विचारा.

रेराच्या नोंदणीबद्दल थोडे. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायला एजंटची स्वतःची रेरा नोंदणी लागते. २० वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमधल्या रिसेलला ती अट लागू होत नाही, पण नोंदणी असलेला माणूस निदान पत्त्यावर सापडतो.

विकायचे काम एका एजंटला द्यावे की पाचांना? पाचांना दिले की तोच फ्लॅट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर ८१, ८५ आणि ८८ ला फिरतो. ग्राहकाला तिन्ही दिसतात. तो ८१ वाल्याला फोन करतो आणि ७६ पासून बोलणी सुरू करतो. मी एकाला ६० दिवस द्या म्हणेन, तेही लेखी, मुदत संपली की आपोआप मोकळे. दोघांना द्यायचेच असेल तर दोघांना एकच जाहीर किंमत सांगा आणि फोटोंबरोबर तीच टाकायला लावा.

ऑफर आली

इथे घाई होते. ऑफर म्हणजे फक्त आकडा असे लोक धरतात. आकड्याबरोबर पाच गोष्टी लागतात: पैसे कुठून येणार, किती दिवसांत, टोकन (बयाणा) किती, फर्निचर-एसी धरून की सोडून, आणि कुठल्या अटीवर. एजंटला सांगा, प्रत्येक ऑफर मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, नाकारण्याजोगी असली तरी. तोंडी ऑफर दोन दिवसांत बदलते, आणि कुणी बदलली ते कधीच कळत नाही.

एजंटची भाषाही समजून घ्या. ‘पार्टी जेन्युईन आहे’ म्हणजे अजून टोकन दिलेले नाही. ‘दुसरी पार्टी पण बघून गेली’ हे ग्राहकाला आणि विकणाऱ्याला दोघांनाही सांगायचे वाक्य आहे, कधी खरे, कधी नाही. ‘मालकाला पैशांची घाई आहे’ असे तुमच्याबद्दल कुणी बोलत असेल तर तो एजंट बदला. हे वाक्य एकदा बाहेर पडले की दोन लाख कुठे गेले ते विचारायला नको.

डिसेंबरात आलेल्या ऑफरी वेगळ्या नजरेने बघा. दिल्ली-मुंबईची मंडळी सुट्टीत येतात, रात्री मासे खाऊन, सकाळी किनाऱ्यावर फिरून आली की त्यांना गोव्यात घर हवेच असते. हॉटेलमधून ऑफर येते, आकडा दणदणीत असतो. पाच जानेवारीला फोन उचलत नाहीत. म्हणून मी अशा वेळी किमतीवर बोलायच्या आधी टोकन मागतो. ज्याला खरेच घ्यायचे आहे तो विमानात बसण्याआधी देतो. उलट पितृपक्षात आपल्याकडचे ग्राहक टोकन देत नाहीत, त्यात मन खट्टू करायचे कारण नाही. बोलणी पुरी करून ठेवा, घटस्थापनेला फोन येतो.

आता तीन ऑफरी एकदम आल्या असे धरू.

पहिली ८० लाखांची. फोंड्याचे जोडपे, दोघेही नोकरदार, बँकेचे कर्ज, ७५ दिवस मागतात. दुसरी ७८ ची, मुंबईचे निवृत्त गृहस्थ, स्वतःचे पैसे, ३० दिवस, एसी आणि मॉड्युलर किचन तसेच हवे. तिसरी ८३ ची, पण ‘५५ चेकने, बाकी कॅश’.

तिसरीचा निकाल आधी लावू. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि जितके घेतले तितकाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, बसू शकतो. डीडमधली किंमत सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर कर सरकारी मूल्यावर मोजतात. आणि २८ लाखांची रोकड घेऊन तुम्ही नवे घर कसे घेणार? चहा पाजा आणि निरोप द्या.

पहिलीचा खरा प्रश्न बँकेचा आहे. बँक किंमत आणि स्वतःचे व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, आणि स्टँप-नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. जोडप्याने मनात ८० लाखांचे ८० टक्के, म्हणजे ६४ लाख धरलेले असतात. बँकेच्या माणसाने फ्लॅट ७२ लाखांचा ठरवला तर कर्ज मिळते ५७ लाख ६० हजार. मधले ६ लाख ४० हजार कुठून आणायचे? ते तुमच्याकडूनच मागतात: ‘काका, थोडे कमी कराल का?’ हा फोन टोकननंतर महिन्याने येतो, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या ग्राहकाला नाही म्हणून बसलेले असता.

त्यावर उपाय ऑफर घेतानाच आहे. प्री-सँक्शन पत्र, म्हणजे बँकेने कर्जाला आधीच दिलेली मंजुरी, बघायला मागा. तुमच्या बिल्डिंगमध्ये आधी कुठल्या बँकेने कर्ज दिले आहे ते शेजाऱ्यांना विचारून ठेवा आणि ग्राहकाला त्याच बँकेकडे पाठवा, कारण तिच्या वकिलाने जमिनीचे कागद एकदा तपासलेले असतात. आणि व्हॅल्युएशन कमी आले तर काय, हे टोकनच्या कागदावर आधीच लिहा.

दुसरी ऑफर दोन लाखांनी कमी आहे, पण पैसे हातात आहेत. तुम्ही स्वतः नव्या घराचे हप्ते आणि या घराचे मेंटेनन्स असे दोन्ही भरत असाल तर ४५ दिवस लवकर मिळालेले पैसे दोन लाखांचा बराचसा भाग भरून काढतात. तसे नसेल तर मी पहिल्यांकडे जाईन, पण प्री-सँक्शन हातात आल्यावर. आणि मुंबईच्या गृहस्थांना हे सांगायला लाजू नये, की दुसरी ऑफर वर आहे, तुम्ही ७९ ला येता का, एसी आणि किचन तुमचे. खरी दुसरी ऑफर असताना ती सांगण्यात काही गैर नाही. नसताना सांगणे मात्र अंगाशी येते, कारण गोवा लहान आहे. पणजीच्या बाजारात सकाळी बोललेले संध्याकाळी पर्वरीत पोचते.

काउंटर, म्हणजे ऑफरला उलट आकडा, देताना दहा-दहा हजारांनी उतरू नका, त्याने समोरचा आणखी ताणतो. एकदा, फार तर दोनदा उतरा, आणि दर वेळी बदल्यात काहीतरी मागा: लवकर डीड, मोठे टोकन, महिनाभर जास्त राहायची मुभा.

सह्या कुणाच्या?

बाहेरून आलेल्यांना इथे सर्वांत मोठा धक्का बसतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेले नियम अजून लागू आहेत. त्याप्रमाणे लग्नानंतर, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. डीडवर नाव एकट्या नवऱ्याचे असले तरी बायकोची सही लागते. वडिलांच्या मागे राहिलेला फ्लॅट असेल तर मुलीही समान वारस, आणि मुलींचे नवरेही सहीला. जावईबापूंना किंमत पटली नाही म्हणून अडलेला सौदा मी पाहिला आहे. वारसा डीड (वारस ठरवणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झालेली नसेल तर आधी ते उरकायला लागते आणि त्याला किती महिने लागतील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. लग्न गोव्याबाहेर झाले असेल, मूळ गाव महाराष्ट्रात असेल, तर कुठला नियम लागतो ते इथल्याच वकिलाला विचारा.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी सगळ्या सह्या करणाऱ्यांचा एका आकड्यावर होकार घ्या. नुसते ‘विकायला हरकत नाही’ पुरत नाही, ‘७८ ला हरकत नाही’ असे हवे.

भाऊ आखातात किंवा बहीण लंडनमध्ये असेल तर एजंटला पहिल्याच दिवशी सांगा. विकणाऱ्यांत कुणी अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर ग्राहकाला नेहमीचा एक टक्का टीडीएस कापून चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, किंवा विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी आणावे लागते. हे ग्राहकाला शेवटच्या आठवड्यात कळले की तो बिथरतो. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत स्टँप करून घ्यायचे असते, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टोकन आणि त्यानंतर

टोकन तुमच्या बँक खात्यात आले पाहिजे, एजंटच्या नाही. ‘माझ्याकडे ठेवतो, डीडला देतो’ हे ऐकू नका. कागदावर किंमत, क्षेत्रफळ, पार्किंग, काय सोडून जाणार, पुढचा हप्ता कधी, डीड कधीपर्यंत, आणि कुणी मागे फिरले तर टोकनचे काय, एवढे आले की पुरे. टायटल (मालकीहक्क) तपासून दोष निघाला तर टोकन परत, नुसते मन बदलले तर जप्त, असे साधारण ठेवतात.

टोकननंतर ८४ ची ऑफर आली तर? एजंट हळूच फोन करील, ‘काका, बघा काय करायचे ते.’ माझे मत विचाराल तर नाही म्हणा. सही केलेला कागद आहे, ग्राहक कोर्टात जाऊ शकतो आणि तोवर फ्लॅट अडकतो. पण त्या माणसाचा नंबर जपून ठेवा. कर्ज फसले तर पहिला फोन त्याला.

मग ग्राहकाचा वकील फाइल वाचतो आणि पत्र येते. घरपट्टी बाकी, फॉर्म वन-फोर्टीनवर (सात-बारासारखा जमिनीचा उतारा) जुने नाव, सोसायटीची एनओसी नाही. इथे किंमत दुसऱ्यांदा घासली जाते, तेही तुम्ही दमलेले असताना. यातली बहुतेक कागदपत्रे मिळवायचा खर्च हजारांत असतो आणि सूट लाखांत मागतात. ‘कागद मी आणून देतो, किंमत तीच’ हे उत्तर तयार ठेवा.

डीडच्या आदल्या दिवशी एका कोऱ्या कागदावर हिशोब लिहा. किंमत ७९ ठरली असेल तर ग्राहक एक टक्का, म्हणजे ७९ हजार टीडीएस कापतो, कारण किंमत ५० लाखांच्या वर आहे. ते बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात. कमिशन १ लाख ५८ हजार, लागू असेल तर जीएसटी. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त तुमच्याकडे असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतला असेल आणि तुम्ही निवासी असाल तर इंडेक्सेशन धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे, सीए दोन्ही मांडून देईल. हा कागद खरे तर ऑफर स्वीकारतानाच करायला हवा होता, पण बहुतेक जण तेव्हा करत नाहीत.

सब-रजिस्ट्रारकडे वेळेआधी जा. डिमांड ड्राफ्टवरचे नाव डीडशी अक्षर न अक्षर जुळते का ते सहीआधी बघा. नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे संबंध दिवस गेलेला मी पाहिला आहे. पैसे खात्यात किंवा ड्राफ्ट हातात, मग अंगठा, मग चावी. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो त्याच दिवशी काढा, नाव बदलायचे अर्ज ग्राहकाकडून तिथल्या तिथे भरून घ्या, नाहीतर सहा महिने त्यांच्या एसीचे बिल तुमच्या नावावर येते.